मामांचं दातेरी पातं

शुक्रवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्यांवर गवत कापायचं मशीन उताणं पडलेलं असायचं. चाकं आभाळाकडे, पोट उघडं, आणि त्या पोटात दोन्ही हात घालून मामा बसलेले. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र सुट्टीचा, बाजार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते मशीन ओलांडून वर जावं लागे. एका हातात कोंबडी, दुसऱ्या हातात पावाची पिशवी, आणि पायाखाली मामांचे पाने, कानशी, पक्कड. "मामा, जरा बाजूला घ्या ना," म्हटलं की ते वर न बघता म्हणत, "उडी मार. तरणी हायस." मी मारायचे. माझ्या नवऱ्याने कधी मारली नाही. तो वळसा घालून मागच्या दाराने यायचा.

ते माझे सख्खे मामा नव्हते. इस्राएलच्या वाळवंटातल्या या डिमोनात आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू लोकांत वडीलधारा पुरुष म्हणजे एक तर काका, नाहीतर मामा, आणि हे पहिल्याच दिवशी आपणहून मामा झाले. आम्ही नवराबायको नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ठाण्याहून आलो तेव्हा आमचं सामान वर चढवायला तेच पुढे होते. माझ्या ट्रंकेची कडी त्यांनी धरली, हलवून पाहिली आणि म्हणाले, "ही कडी बराबर न्हाय. सामान लागू दे, मग बदलून देतो." आणि खरंच बदलून दिली. ती ट्रंक अजून माझ्याकडे आहे. उघडताना अजून नख तुटतं.

मुंबईला ते एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तरुणपणीच इकडे आले, डिमोनाच्या कापडाच्या कारखान्यात आयुष्य काढलं आणि आम्ही आलो तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. मुंबई त्यांनी सोडली तेव्हाची मराठी त्यांच्या तोंडात जशीच्या तशी राहिली होती. फर्स्ट क्लास, नॉनसेन्स, फिनिश हे शब्द मध्येमध्ये. मला ती बोली ऐकली की माझे आजोबा आठवत. त्यांची नात मात्र त्यांना हिब्रूतच उत्तर द्यायची. ते मराठीत लांबलचक काहीतरी समजावत आणि ती म्हणायची, "सबा, दाय!" म्हणजे, आजोबा, पुरे.

पुरे हा शब्द त्यांना कुठल्याच भाषेत कळत नसे. "कंपनी अर्धंच काम करते," ते म्हणत, "बाकीचं आपून करायचं असते." नवी चप्पल आणली की आधी टाच तासायची. नवी किटली आणली की तिची चोच वाकवायची. एकदा मी घरात नसताना माझ्या कुकरची शिट्टी त्यांनी 'बराबर' करून ठेवली. त्यानंतर कुकर गॅसवर ठेवताच शिट्ट्या मारू लागला आणि तांदूळ कच्चेच. मी कुकर घेऊन तणतणत खाली गेले, तर म्हणाले, "शिट्टी फर्स्ट क्लास झाली. तुझे तांदूळ स्लो हायेत." दारात मामी उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अगो, या घरात मीच तेवढी जशी आली तशी ऱ्हायली. म्हनून तेंच्या डोळ्यात खुपते."

पण हे सगळं किरकोळ. मामांचा खरा जीव गवताच्या पात्यावर.

बिल्डिंगच्या पुढे हिरवळीचा एक तुकडा होता. लग्नाचा बेताचा मांडव पडेल एवढा. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? डिमोनात राहून पाहा. चहूकडे पिवळी माती, दुपारचा वारा सुटला की दातांत वाळू. बिल्डिंग बांधताना कुणीतरी ते गवत लावलं आणि विसरून गेलं. मामांनी ते दत्तक घेतलं. एका किबुत्झमधून, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीतून, मोडकं मशीन आणलं, इंजिन दुरुस्त केलं आणि मग पात्याकडे बघून मान हलवली.

त्यांचं म्हणणं त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं आहे की झोपेत विचारलं तरी सांगेन. "साधं पातं काय करते? गवत कापते आन बाजूला फेकते. ढीग होतो. मग तो पोत्यात भरा, कचऱ्यात टाका. म्हंजे पानी घातलं आपून, आन जेवन कचऱ्याला!" म्हणून त्यांनी पात्याची मागची कड ठोकून वर वळवली. फिरताना तिच्यामुळे वारा उठे आणि झोपलेलं गवत उभं राही. मशीनच्या बाजूचं तोंड त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून बंद केलं. कापलेलं गवत बाहेर पडायला वाट नाही. ते आत गरगरे, पुन्हा पात्यात सापडे आणि बारीक होऊन मुळाशी पडे. "तेचंच तेला खायला," मामा म्हणत. "पानी पन धरून ठेवते." पातं नीट झालं की नाही हे बघायला जिन्याच्या भिंतीत एक खिळा मारलेला होता. त्यावर ते मधल्या भोकाने अडकवायचं. जी बाजू झुकेल ती जड, तिकडून कानस मारायची. आम्ही जिना चढताना ते पातं भिंतीवर डुलत असायचं आणि मामा समोर उभे राहून श्वास रोखून बघत असायचे. हाताला मात्र ते जपत. पात्याला हात लावायच्या आधी प्लगची वायर काढायची, हा एक नियम त्यांनी कंपनीचा होता तसा ठेवला होता.

तरी त्यांचं समाधान होईना. गवत पुरेसं बारीक होत नव्हतं. अशात एकदा मामी विळीवर बसून नारळ खवत होत्या आणि मामा समोर बसून बघत होते. विळी मामींच्या आईची. रेवदंड्याच्या बाजूच्या गावातून मुंबई आणि मुंबईहून इथपर्यंत कपड्यांत गुंडाळून आणलेली. बघता बघता मामांनी मांडीवर थाप मारली. "विळी कापते, खवनी किसते! मला दोनी एका पात्यात पायजे!" मामींनी तिकडे लक्ष दिलं नाही. तीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्या असताना मामांनी खवणीचं दातेरी डोकं करवतीने कापलं आणि बोल्ट मारून पात्याच्या टोकाला बसवलं.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मशीन सुरू झालं, काही क्षण झकास चाललं आणि मग 'ठाण्ण' असा आवाज आला. खवणी उडून तळमजल्यावरच्या मोरोक्कन बाईंच्या खिडकीच्या शटरमध्ये जाऊन रुतली. बाई बाहेर आल्या, खवणीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि हिब्रूत किंचाळल्या, "मला मारायचंय का तुला?" मामांनी शटरजवळ जाऊन खवणी न्याहाळली आणि शांतपणे मला मराठीत म्हणाले, "बोल्ट बारीक पडला."

कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण त्याच शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी मलिदा होता. नात लष्करात जाणार होती, तिच्या नावाने. गोड पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं, नाव घेऊन आमच्यात मलिदा होतो, आणि ओल्या खोबऱ्याशिवाय तो होत नाही. मामींनी नारळ फोडले, वाट्या मामांच्या पुढ्यात ठेवल्या आणि गाजराची किसणी हातात दिली. मामांनी सगळे नारळ किसले. बोटं सोलून निघाली. पाहुणे विचारत होते, खोबरं असं जाड का, आणि मामी प्रत्येकाला सांगत होत्या, "या तेंना विचारा."

त्यानंतर त्यांनी पात्याला काही जोडायचा नाद सोडला. नवं जाड पातं आणलं आणि त्याच्याच मागच्या कडेत कानशीने दात पाडले. हे मात्र जमलं. गवताचा असा चुरा पडू लागला की बोटांत धरता येईना. उन्हाळ्यात दुसऱ्या बिल्डिंगींची हिरवळ करपून जाई आणि आमची टिकून राही. मामा मग काय, सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपायचा अवकाश की सुरू. "माझं पातं नुसतं कापत न्हाय. जमिनीला जेऊ घालते!" येणाऱ्याजाणाऱ्याला, दवाखान्याच्या रांगेत, बसमध्ये. डिमोनातल्या प्रत्येक माणसाला ते पातं काय करतं हे ठाऊक झालं होतं.

संध्याकाळी पाणी मारून झालं की मामी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन हिरवळीवर बसत. चहाचा थर्मास बरोबर. आम्ही बायका चपला काढून बाजूला बसायचो. गार ओल्या गवतावर पाय ठेवले की मला वाटायचं, ठाण्याचं घर सोडून आले ते काही वाईट झालं नाही. या देशात मी रुजले ती त्या तुकड्यावर. आता तिथे प्लॅस्टिकची हिरवळ घातली आहे. आम्ही पुढे दुसऱ्या गावी राहायला गेलो, मध्ये एकदा तिकडे गेले होते तेव्हा पाहिली. मामा असते तर त्यांनी तीसुद्धा उचकटून काहीतरी बराबर केलं असतं. ते नाहीत, मामीही नाहीत. मी फार वेळ तिथे थांबले नाही.

दोन हजार साल लागलं त्या उन्हाळ्यात मामींना अर्धांगाचा झटका आला. बेरशेव्याच्या इस्पितळातून त्या घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती. समजत सगळं होतं. डोळे तेच होते, चेष्टेखोर. पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रबरी चेंडू देऊन गेली. रोज मुठीत दाबायचा, बाकी धीर धरायचा, म्हणाली.

धीर, आणि मामा! दुसऱ्याच दिवशी त्या चेंडूला स्प्रिंग लागली. मग चमच्याचा दांडा वाकला. मग खुर्चीला चाकं आली. मग बोटं उघडावीत म्हणून कप्पी आणि दोरी. घरभर त्यांचं सामान पसरलेलं आणि मध्ये मामी बसलेल्या, दोरीला हात बांधलेला. मामा समोर बसून म्हणत, "हां, आता ओढ. असं न्हाय, कोपरातून ओढ." मामी मान फिरवून खिडकीबाहेर बघत.

मी एकदा भाजी द्यायला गेले आणि माझं डोकंच फिरलं. "मामा, मामी म्हणजे मशीन नाही हो," मी म्हणाले. चांगलीच चिडून म्हणाले. ते दोरी सोडवत होते, ते थांबले. "मग काय करू?" ते म्हणाले. "नुसता बसून बघत ऱ्हाऊ?" त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. प्रेम करायची त्यांना तेवढी एकच रीत येत होती.

थोड्याच दिवसांनी जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "हन्नाबीला नवस बोल्लोय," ते हळूच म्हणाले. "हिचं तोंड उघडू दे. एक शब्द, जास्ती न्हाय. आन मी नव्या सालभर धर्माचा एक पन नियम मोडनार न्हाय." मामा तसे शनिवार पाळणारे, पण बारीकसारीक नियमांच्या वाटेला न जाणारे. त्यांच्या तोंडून हे ऐकून मी गमतीने म्हटलं, "बघा हं, जमेल का?" म्हणाले, "ही बोलनार असली तर सगळं जमेल."

आमचं नवं वर्ष सप्टेंबरच्या सुमाराला लागतं, आणि नेमकं ते श्मितेचं निघालं. श्मिता म्हणजे जमिनीच्या विश्रांतीचं सातवं वर्ष. पेरायचं नाही, खत घालायचं नाही. आमच्या कोकणातल्या तेली पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, पण जमिनीच्या सुट्टीचं त्यांना काही पडलं नव्हतं, कारण तो नियम फक्त या देशाच्या मातीला. इथे आल्यावरही मामांनी श्मितेची अनेक वर्षं काणाडोळा करून काढली होती. आता नवस बोलून बसले होते. म्हणून आपणहून हझानांकडे गेले. हझान म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. हे मामांच्याच वयाचे, त्यांच्याच गावाकडचे. मीही तिथेच उभी होते.

"गवत कापलं तर चालेल ना?" मामांनी विचारलं.

"कापाया हरकत न्हाय," हझान म्हणाले, आणि मग दाढीवरून हात फिरवत, "पन कोनच्या पात्यानं?"

आजूबाजूचे सगळे हसले. मामांचा चेहरा पडला.

"तुझं पातं जमिनीला जेऊ घालते. तूच बोलतोस ना, बसमधी, दवाखान्यामधी? खत घालायचं न्हाय हे साल."

"मग काय मरू देऊ?"

"मरू कशाला देतोस? पानी घाल. साध्या पात्यानं काप, कापलेलं उचलून ने. जगवाया परवानगी हाय, बाबा. सुधरवाया न्हाय."

मामा तसेच घरी आले. स्वतःच्या बढाईने स्वतःचंच पातं बंद पाडलं होतं. मोरोक्कन बाईंनी सुचवलं, मशीनच्या खाली वाकून कोण बघणार आहे? मामांनी त्यांना हिब्रूत सुनावलं, "नवस माझा आहे, तुझा नाही." मग दातेरी पातं काढलं, पत्र्याचं झाकण काढलं आणि दुकानातून कंपनीचं कोरं पातं आणून बसवलं. त्याचा रंगही निघालेला नव्हता. कानस हातात घेऊन ते त्याच्याकडे बघत बसले आणि मग कानस पेटीत ठेवून दिली. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पहिल्याच खेपेला हिरवळीवर पट्टे उठले, ढीग पडले. ते पोत्यात भरताना मामा स्वतःशी शिव्या देत होते, हिब्रूत एक आणि मराठीत एक. मग त्यांनी मशीनकडे पाठच फिरवली. हिवाळा तसाच गेला. थंडीत गवत वाढतही नाही. घरात मात्र दोऱ्या आणि कप्प्या चालूच होत्या, कारण त्यांना हझानांची मनाई नव्हती. मामींचा हात काही हलत नव्हता. मामा रोज नवं काहीतरी जोडत आणि रोज थोडे खचत. नवसाचं वर्ष सरत चाललं होतं. "हन्नाबी ऐकत न्हाय गो," ते मला एकदा म्हणाले. एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

पेसाखचा, वसंतातला सण झाल्यावर गवत उसळलं. पोटऱ्यांपर्यंत आलं. मामा म्हणत, वाढू दे मेलं. पण त्यात साप येतील म्हणून बायका ओरडू लागल्या, तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी नाइलाजाने मशीन बाहेर काढलं. मामींना खुर्चीसकट खाली आणून कडेला बसवलं. मीही चहा घेऊन त्यांच्यापाशी बसले. कोऱ्या पात्याने गवत कापलं म्हणजे नुसतं तोडलं. बारीक होण्याचं नाव नाही, वीत वीत लांबीच्या काड्या. मामांनी त्या दंताळ्याने ओढून मामींच्या पायाशी ढीग केला आणि पोतं आणायला वर गेले.

मामी त्या ढिगाकडे बघत होत्या. मग त्यांनी वाकून डाव्या हाताने मूठभर काड्या उचलल्या आणि मांडीवर ठेवल्या. सरळ केल्या. बुंधे एकीकडे, शेंडे एकीकडे. गावाकडे भाताच्या पेंढ्या बांधतात तसं त्यांचं चाललं आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गवताचाच पीळ करून त्याने पेंढी बांधायची. पीळ घालायला दोन हात लागतात. आणि उजवा हात आला. सावकाश, लटपटत, पण आला. बोटं काड्यांवर मिटली. मी चहाचा कप धरून तशीच बसून राहिले, हलायची भीती वाटत होती.

मामा पोतं घेऊन आले आणि जागच्या जागी उभे राहिले. पोतं हातातून गळून पडलं. ते बघत होते. मला वाटतं एवढा वेळ नुसतं बघत ते आयुष्यात कधी राहिले नसतील. पेंढी सैल होत होती, पीळ सुटत होता. मामी पुन्हा घालत होत्या, पुन्हा सुटत होता. शेवटी मामांना राहवलं नाही. ते खाली वाकले, हात पुढे केला आणि म्हणाले, "असं न्हाय, असं न्हाय. डावीकडून पीळ दे, म्हंजे ग्रिप येते. आन हा बुंधा जरा—"

"गप ऱ्हावा हो!" मामी म्हणाल्या.

शब्द जड होता, तोंड वाकडं होतं, पण अक्षर न् अक्षर कळलं. मामांचा हात हवेतच राहिला. मामींनाही आपण बोललो हे कळायला एक क्षण लागला. त्या माझ्याकडे बघून हसल्या, अर्ध्या तोंडाने, आणि पुन्हा पेंढीला लागल्या.

मामा वळले आणि पळत सुटले. त्या वयात, चपला तिथेच टाकून. आधी मोरोक्कन बाईंचं दार बडवलं. "बोलली! ती बोलली!" बाई बाहेर आल्या, त्यांनी विचारलं, काय बोलली? मामा हिब्रूत ओरडले, "मला म्हणाली, गप्प बस!" बाई त्यांच्या गळ्यातच पडल्या. तिथून वरचा मजला, मग त्याच्या वरचा. प्रत्येक दार वाजत होतं आणि खाली आम्हाला ऐकू येत होतं, एकदा मराठीत, एकदा हिब्रूत: मला गप्प बस म्हणाली, मला, मला! मग रस्ता ओलांडून अनवाणी हझानांकडे. जवळजवळ वर्षाने बायकोने त्यांना एकच गोष्ट सांगितली होती, आणि तेवढी काही त्यांना जमली नाही. रस्त्यावरचे दिवे लागले तरी मामा सगळ्या डिमोनाला ओरडून सांगत फिरत होते.